राक्षस पुसा!

"आजपासून पोरांच्या गोष्टीत राक्षस नको!" वेसरगडचे राजे हिंदुराव गरजले. "मारामारी नको, चोरी नको, खोटं बोलणं नको, रडारड तर मुळीच नको! त्या चित्रकथ्याच्या पोथीवर चुना फासा!"

झालं होतं असं, की पाच वर्षांच्या युवराजांनी दसऱ्याला देवळात बाबल्या चित्रकथ्याचा खेळ पाहिला. चित्रांची पोथी उभी धरायची आणि एकेक पान उलटत गोष्ट सांगायची, हा बाबल्याचा धंदा. पोथीतून हिरवा राक्षस निघाला आणि युवराजांची जी गाळण उडाली! आठ दिवस झाले, पोर जेवायला बसताना आधी पाटाखाली डोकावून बघायचं.

हुकूम ऐकून बाबल्याच्या पायांखालची जमीनच सरकली. पणजोबांनी रंगवलेली पोथी, तिच्यावरच त्याचं घर चालायचं. पण त्याची लेक शेवंती भारी धीट. ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, चुना खुशाल लावा. पण आधी तुमच्या हुकमाबरहुकूम एक गोष्ट ऐका."

"ऐकतो. पण युवराज शेवटपर्यंत बसले पाहिजेत! कंटाळून मधेच उठले, तर पोथी थेट तळ्यात!"

युवराज येऊन वडिलांच्या मांडीवर बसले. शेवंतीने घसा खाकरला.

"महाराजांच्या आजोबांनी हा वेसरगड जिंकला, त्याची ही गोष्ट. एके दिवशी थोरले महाराज गड चढले."

"वा!" राजांनी मिशांवरून हात फिरवला.

"वर पोचले. दम लागला. बसले. भाकरी खाल्ली."

"आणि?"

"आणि कांदा खाल्ला. गड त्यांचा झाला. संपली गोष्ट!"

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. युवराजांनी विचारलं, "आबासाहेब, पणजोबा भाकरी खायला चढले होते?"

राजे लालबुंद! "अगं ए! गडावर पाचशे गनीम होते, ते कुठे गेले?"

"पोरं भितील त्यांना. काढले."

"आणि तलवारीची लढाई?"

"मारामारी नको, आपणच म्हणालात."

"गवतवाल्याचं सोंग घेऊन ते आत शिरले, ते तरी?"

"सोंग म्हणजे खोटंच की! तेही गेलं. उरला कांदा. तो ठेवू की काढू, महाराज? डोळ्यांत पाणी आणतो मेला!"

राजांना हसू आवरेना, तरी ते आवाज चढवून म्हणाले, "जीभ भारी चुरूचुरू चालते तुझी! पण माझं पोर भितंय त्याचं काय? तुमचा राक्षस त्याच्या मानगुटीवर बसलाय!"

शेवंती युवराजांपुढे उकिडवी बसली. "युवराज, राक्षस आला, मग पुढे काय झालं?"

"माहीत नाही. दासीने मला उचलून घरी नेलं."

"दासीला कुणी सांगितलं होतं?"

राजे खाकरले आणि छताकडे बघू लागले. भीतिदायक काही आलं की पोराला उठवून न्या, हा हुकूम खुद्द त्यांचाच होता!

"मग बरोबरच आहे, महाराज!" शेवंती म्हणाली. "आमच्या पोथीत तो राक्षस पुढच्या तिसऱ्या पानावर मरतो. युवराजांना काय ठाऊक? त्यांच्या लेखी तो अजून मोकळाच फिरतोय. आपणच त्याला मरू दिलं नाहीत!"

राजे असे खदखदून हसले की पागोटं घसरून कानावर आलं. "आण गं ती पोथी! आत्ताच्या आत्ता मार त्याला!"

शेवंतीने पानं उलटली. राक्षस आला तसा युवराजांनी वडिलांचा हात गच्च धरला, पण ते जागचे हलले नाहीत. तिसऱ्या पानावर राक्षस धाडकन पडला आणि युवराज टाळ्या पिटत ओरडले, "मेला! मेला! परत एकदा मार!"

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून शेवंतीला दिलं, बाबल्याला इनाम जमीन दिली आणि नवा हुकूम सोडला, "गोष्ट संपायच्या आत जो कुणी पोराला उचलून नेईल, त्याची खैर नाही!"