शिंपलवाडीचे पंप आणि संशयी चांगुणाकाकी

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे शिंपलवाडीच्या होड्यांची शिडं उतरून नुकतीच इंजिनं बसली होती तेव्हा, वाडीत चांगुणाकाकी राहायची. तिच्याइतकं संशयी माणूस दर्याच्या या काठाला झालं नाही, आणि त्या काठाला कोणी बघून आलेलं नाही. ती वाळत्या बोंबलांजवळ बसली की कावळे दुसऱ्या वाडीत जेवायला जायचे. किनाऱ्यावरून चालली की खेकडे बिळाबाहेर येऊन दोन्ही नांग्या वर करायचे, "काकी, आमी नाय केलं!" असं म्हणतात. मी म्हणत नाही.

तर इंजिनं आली आणि लगेच पीडा लागली. होडी दर्यात जायची, फट् फट् फट् करायची आणि मधेच गप्प. दुखणं एकच, डिझेलचा पंप. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाला देणारा तो पंप आतून गंजून जाम व्हायचा. मग वल्ही मारत, नाहीतर दुसऱ्या होडीच्या दोरीला लोंबकळत घरी. दुरुस्त केला की आठ दिवसांत परत जाम.

दुरुस्त करणारा एकटाच, धाकू मिस्त्री. काकीचा सख्खा धाकटा भाऊ. तो पंप उघडून दाखवायचा, "डिझेलात पानी हाय रं!" पण झाकण घट्ट लावलेल्या टाकीत पाणी येणार कुठून? आधी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सगळे मिळून धाकूकडे बघायला लागले. "ह्योच जोडतो नि ह्योच बिघडवतो." त्याची नजर वाईट म्हणून होडी सुटताना त्याला किनाऱ्यावरून हाकलायचे.

शेवटी तांडेलांनी, म्हणजे होड्या चालवणाऱ्यांनी, ठरवलं की आता एक जरी पंप गेला, तर धाकूने बायकोपोरांसकट वाडी सोडायची.

धाकू रडत बहिणीकडे आला. "बाय, तू तरी सांग त्यांना, मी नाय केलं."

"कशावरनं?"

"अगो, सख्खा भाव मी तुजा!"

"म्हनूनच आधी तुला बगते."

तिने त्याचे खिसे उलटे केले, हत्यारांची पेटी झाडली, तोंड उघडायला लावून दातसुद्धा तपासले. काही मिळालं नाही. मग म्हणाली, "तू नाय. आता उरलेली वाडी बगते."

जोमा तांडेलाची होडी नवा पंप बसवून किनाऱ्याला उभी होती. होडी सोडायच्या मुहूर्ताला तीन दिवस होते. काकी जाऊन तिच्यातल्या जाळ्यांच्या ढिगाखाली बसली. तीन दिवस पापणी लवली नाही. माशा डोळ्यावर बसायला यायच्या आणि घाबरून मागे फिरायच्या. असं म्हणतात, आणि माशांना विचारणार कोण?

मुहूर्ताला जोमा आला. नारळ फोडला. अर्धं पाणी दर्यात ओतलं. मग टाकीचं झाकण फिरवलं आणि उरलेलं अर्धं टाकीत!

"अरे मेल्या!" जाळं उडालं. जोमा पाण्यात पडता पडता राहिला. "काय पाजलंस त्याला?"

"नारलाचं पानी, काकी! पंप गेला म्हंजे इंजिनाचा कोप. म्हनून दर बारीला एक नारल, अर्धा दर्याला नि अर्धा त्याला."

म्हणजे पंप गेला की नारळ, आणि नारळ फुटला की पंप. अकराच्या अकरा होड्या हेच करत होत्या. रीतच ती, म्हणून कोणी बोललं नाही. आणि धाकूला नेमकं तेव्हाच हाकलायचे, म्हणून त्याला दिसलं नाही.

"ही अक्कल कोनाची?" काकी ओरडली. "नाव सांग. आज त्यालाच वाडीतून काढते."

जोमाने मान खाली घातली. "काकी, पयलं इंजिन आलं तवा तूच बोललीस. दर्याला पाजता नि या काल्या देवाला उपाशी ठेवता? डूक धरंल तो."

काकी होडीतून उतरली आणि पाण्यात उभी राहिली. भरती घोट्याला आली, गुडघ्याला आली, कमरेला आली. मग तशीच ओली वाडीच्या मधोमध गेली आणि म्हणाली, "चोर गावला. मीच ती. धाकू ऱ्हाईल, मी जाते."

गाठोडं घेऊन निघालीसुद्धा. पण तांडेलच आडवे आले. जोमा म्हणाला, "तू गेल्यावं आमच्यावं नजर कोन ठेवील?"

"माज्यावं कोन ठेवील ते सांग आधी."

"आमी सगले."

हे तिला पटलं. धाकूने अकरा टाक्या उपसल्या, धुतल्या, पुसल्या. दहा इंजिनं हँडल मारल्यावर सुरू झाली. अकराव्याकडे काकीने नुसतं बघितलं, ते आपोआप सुरू झालं. असं म्हणतात.

तेव्हापासून शिंपलवाडीत नारळाचं सगळं पाणी दर्याला. होडी सोडण्याआधी तांडेल टाकीच्या तळातलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढतो आणि उन्हात धरतो. पाणी असलं तर खाली बसलेलं दिसतं. पण पाणी बघण्याआधी, कितीही घाई असली तरी, मोठ्याने विचारायचं असतं, "चांगुणाकाकी, मी तर नाय ना?"

आणि उत्तर येईल इतका वेळ थांबायचं असतं.