मोरपिसाची पुडी

फार मागची गोष्ट. माणसाला अजून बाजार भरवायचं सुचलं नव्हतं, तेव्हा एका वडाखाली प्राण्यांचा सूरपारंब्यांचा खेळ रंगायचा. तिथं एका मुंगसानं पळसाच्या पानांच्या बंद पुड्या विकायला काढल्या. दहा शेंगांना एक पुडी. आत जे पीस निघेल, ते शेपटीला खोचून मिरवायचं. बहुतेक पुड्यांत कावळ्याचं पीस, क्वचित कधी मोराचं.

चिंगी खार मोरपिसाच्या नादानं पावसाळ्याची सगळी बेगमी घालवून बसली. ढोलीत तीन पिल्लं आणि शेंग एकही नाही! शेवटी ती न्याय करणाऱ्या कासवआजोबांकडे गेली, कारण रानात जुगाराला बंदी होती. आजोबांनी मुंगसाला त्याच्या मोरपिसांच्या टोपलीसकट सगळ्यांसमोर बोलावून घेतलं.

"जुगार कसला, आजोबा?" मुंगूस हसत म्हणालं. "जुगारात जिंकलेल्या वस्तूला किंमत असते. ही नुसती पिसं, खेळातली गंमत. बाहेर कुणी ढुंकून बघणार नाही."

चिंगीचा चेहरा पडला. कासवानं मात्र मान डोलावली. "पटलं बुवा. चिंगे, ती मोरपिसांची टोपली दे ओढ्यात सोडून. कचरा कशाला साठवायचा?"

चिंगीनं टोपली उचलली मात्र, मुंगूस किंचाळलं, "अगं ए, थांब! एकेका पिसाला दोनशे शेंगा देणारी गिऱ्हाइकं आहेत माझी!"

सगळं रान खो खो हसलं.

"मग आधी चिंगीच्या शेंगा काढ," कासव म्हणालं.

शेंगा घरी आल्या. कावळ्याची पिसं परत मागायला मुंगूस काही आलं नाही. चिंगीनं ती ढोलीत अंथरली, आणि पिल्लं त्या पावसाळ्यात उबेला झोपली.