वैरी म्हणावे कोणाला

फार पूर्वी सुवर्तनगरीत दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील एका धनुर्धराच्या घरी जन्मला. त्याचे नाव पूर्णक. बाप लवकर वारला. आई सुजया हिने त्याला वाढविले, आणि नेमबाजीत त्याचा हात धरील असा कोणी नगरीत उरला नाही.

नदीकाठच्या त्या नगरीचा एक जुना दंडक होता. माणसावर शस्त्र उचलायचे तर आधी मोठ्याने म्हणायचे, ‘हा माझा वैरी.’ पूर्वजांनी हा नियम का केला, हे कोणाला ठाऊक नव्हते. सैन्यात जाणारे तरुण ध्वजापुढे ओळीने उभे राहून ‘पलतीरीचे लोक माझे वैरी’ असे एका दमात म्हणून टाकीत आणि जेवायला बसत.

एका वर्षी पुराने नदीचे पात्र सरकले. टरबुजांच्या वाड्यांचे वाळूचे बेट पलतीराला जाऊन मिळाले. करणी नदीची, पण राग आला तो पलीकडच्या लोकांचा. राजाने युद्धाची दवंडी पिटविली आणि घरटी एक तरुण बोलाविला.

पूर्णकाची पाळी आली, तेव्हा तो ध्वजापुढे गप्प उभा राहिला.

“बोल रे बाळा,” सुजया गर्दीतून कळवळून म्हणाली. “राजाची आज्ञा मोडणाऱ्याचं डोकं उडवतात. दोन शब्दांनी तुझं काय जातं?”

“आई, धनुष्य राजाचं, बाण राजाचे. तोंड तेवढं माझं आहे. ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, त्यांना वैरी कसं म्हणू?”

राजा संतापला. “मरणाला भितोस, दुसरं काय!”

“भितो, महाराज. पलतीरीचेही भीत असतील.”

“आणि उद्या ते चाल करून आले, तुझ्या आईवर तलवार उगारली, तर?”

पूर्णक विचारात पडला. प्रश्न खोटा नव्हता. “तर मी आईच्या पुढे उभा राहीन आणि पहिला घाव अंगावर घेईन. पण महाराज, आज ते आलेले नाहीत. आज आपण निघालो आहोत. वाळू पुढच्या पुरात परत येईलही. मेलेला माणूस येत नाही.”

राजाने त्याच्या वधाची आज्ञा दिली. पण दंडक तो दंडक. पहिला सैनिक तलवार घेऊन पुढे आला आणि तोंड उघडून तसाच राहिला. त्याचा रुतलेला बैल पूर्णकाने चिखलातून ओढून काढला होता. दुसऱ्याला त्याने नेम धरायला शिकविले होते. तिसरा त्याचा शेजारीच. तो डोके खाजवीत उभा राहिला. एका दमात शेकडो वैरी जोडणाऱ्या त्या शूरांना एक वैरी काही जोडवेना.

शेवटी राजा स्वतः तलवार घेऊन उठला. “हा माझा...” एवढे म्हणाला आणि थांबला. सुजया मुलाच्या पुढे येऊन उभी राहिली होती.

“तुझ्यासारखा उर्मट मी पाहिला नाही,” राजा पूर्णकाला म्हणाला. “पण तू माझा वैरी नाहीस. खोटं कसं बोलू?”

“मीही तेवढंच म्हणत होतो, महाराज.”

राजाने तलवार खाली ठेवली. मग त्याने ओळीतल्या तरुणांना विचारले, “पलतीरीच्या एकाला तरी ओळखता का?”

एक जण चाचरत म्हणाला, “माझी बहीण तिकडे दिली आहे, महाराज.”

“आणि तरी तू त्यांना वैरी म्हणालास?”

“सगळे म्हणत होते, म्हणून म्हणालो.”

ध्वज उतरविण्यात आला. पुढे त्या नगरीत युद्धे झालीच नाहीत असे नाही. माणूस इतक्या लवकर शहाणा होत नाही. पण त्या वर्षी युद्ध झाले नाही, आणि त्या वर्षी ज्यांची मुले घरी परतली, त्या आयांना तेवढे पुष्कळ होते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, वज्रक नावाच्या भिक्षूला सांगितली. तो सैन्य सोडून संघात आला होता, आणि गावचे लोक भित्रा म्हणतात म्हणून खिन्न असे. शास्ता म्हणाले, “वज्रका, तेव्हाची सुजया म्हणजे आजची भिक्षुणी उत्तमा. पूर्णक मी होतो. आणि राजा दृढवर्मा तूच होतास. साऱ्या सैन्यादेखत तू तलवार खाली ठेवलीस, तेव्हा तुला कोणी भित्रा म्हटले नाही.”

जिवावर बेतले तरी, मनात वैर नसताना ते तोंडाने न बोलणे, ही सत्यपारमिता.