नागूच्या तीन मोहरा

एका गावात एक भोळा नागू होता. त्याच्या बायकोचं, सगुणाचं, तापात दूध आटलं. तान्हं बाळ भुकेनं टाहो फोडायचं. सगुणानं माहेरच्या तीन जुन्या सोन्याच्या मोहरा काढल्या. "अहो, या विका आणि दुभती म्हैस आणा."

नागूनं पहिली मोहर विटकरीनं घासली. पार गुळगुळीत केली.

तालुक्याच्या सराफानं कपाळाला हात लावला. "अरे, राजाचं नावच घालवलंस की! आता नुसत्या सोन्याचा भाव. जुनं कधी घासायचं नसतं. जितका कमी हात लागलेला, तितकी किंमत जास्त."

"बरं शेटजी."

नागू घरी आला. सगुणा सासूबाईंची पाठ घासत होती.

"थांब! आईला घासू नको, किंमत उतरेल!"

आठ दिवस आईला आंघोळ नाही. आईची तशी तक्रार नव्हती.

दुसरी मोहर त्यानं मळकीच नेली. सराफ खूश झाला. मग त्यानं भिंग लावलं. "हिच्यावर टांकसाळीची खूण नाही रे. बारीकसं फूल असतं. ते असतं तर दसपट किंमत दिली असती. आता हिलाही नुसत्या सोन्याचाच भाव."

"बरं शेटजी."

नागूनं घरी जाऊन खिळा घेतला आणि तिसऱ्या मोहरेवर फूल ठोकलं. चांगलं आठ पाकळ्यांचं.

सराफ किंचाळला, "अरे, हिच्यावर फूल होतंच!"

"होतं की. पण बारीक होतं. मी मोठं केलं."

"गाढवा, खूण जन्मतःच असावी लागते! आण तिन्ही. सोन्याच्या भावानं घेतो. एक म्हैस येईल. ती तरी नीट पारखून घे."

"पारखायचं आता कळलं मला, शेटजी."

गुरांच्या बाजारात धुतलेल्या, शिंगांना तेल लावलेल्या म्हशी उभ्या होत्या. नागूनं नाक मुरडलं.

"पाव्हणं, ही बघा. दोन्ही वेळा भरपूर दूध!"

"म्हणजे रोज दोनदा हात लागतो?"

"मग? धार कशी काढणार?"

"नको."

कोपऱ्यात चिखलानं माखलेलं एक म्हातारं जनावर होतं. कपाळावर पांढरा चांद.

"हा चांद जन्मतःचा?"

"जन्मतःचा."

"याची धार कधी काढलीय?"

विकणारा नागूकडे बघतच राहिला. "कधीच नाही."

"एकदाही नाही?"

"देवाशप्पथ नाही."

नागूनं सगळे पैसे मोजले.

सगुणा बाळाला कडेवर घेऊन, चरवी घेऊन धावत बाहेर आली. वाकून बघितलं. "अहो, हा रेडा आहे! याचं दूध कसं काढू?"

नागूनं घाईघाईनं चरवी हिसकावली. "काढायचंच नाही, वेडे! एकदा हात लागला, की हा साध्या म्हशीच्या भावाचा होईल."