हातांची खिंड

कुर्दांच्या मुलखात, दोन देशांच्या सरहद्दीवर, एक अरुंद खिंड आहे. पाठीवर माल बांधून डोंगर ओलांडणारे हमाल, म्हणजे तिकडचे कोलबर, तिथे विसावतात. पण एकदा बसलेला कोलबर आपला आपण उठत नाही. समोरच्याने हात दिला तरच उठतो. खिंडीत चहा विकणारा म्हातारा मामंद पाहुण्यांना त्याचे कारण सांगतो.

फार पूर्वी अलीकडच्या गावात पीरोत नावाचा कोलबर राहत असे. पलीकडच्या गावचा खिदर त्याचा वैरी. एका कुरणावरून दोन्ही गावांत तंटा होता, आणि या दोघांनी एकमेकांशी जन्मात बोलणार नाही अशी शपथ घेतली होती म्हणे.

एका हिवाळ्यात पीरोतची बायको बाळंत झाली. तिच्यासाठी तूप, साखर आणि शिवाय एका व्यापाऱ्याचा पोचवायचा चहा पाठीवर घेऊन तो घाईने घरी निघाला होता. खिंडीत समोरून अक्रोडांचे पोते घेऊन खिदर आला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. वाट एकाच माणसापुरती. मागे सरायला कोणीच तयार होईना. दोघेही ओझ्यासकट समोरासमोर बसून राहिले.

बर्फ पडू लागले. पीरोतला घरचे तान्हे मूल आठवले. उठू गेला, तर पाय हलेनात. दोराच्या गाठी गोठल्या होत्या, बोटे बधिर झाली होती. समोर खिदरही उठायची खटपट करत होता आणि जोडा नीट करतोय असे दाखवत होता. पीरोतला हसू फुटले, आणि हसता हसता शपथही मोडली.

"खिदरदादा, तुझे पाय तुझं ऐकतात का रे?"

खिदरने जोड्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "नाही. तुझे?"

"माझेही नाहीत. हात दे."

दोघांनी पायाला पाय टेकवले, एकमेकांची मनगटे घट्ट धरली आणि मागे रेटा दिला. दोघे एकदमच उभे राहिले. मग एकमेकांना कवेत धरून, दरीच्या काठावर हळूच वळून, त्यांनी जागा बदलल्या. निघताना पीरोतने घरची बातमी सांगितली, तेव्हा खिदरने बाळंतिणीसाठी ओंजळभर अक्रोड दिले, असे सांगतात.

आजही त्या खिंडीत धडधाकट गडीसुद्धा हाताची वाट पाहत बसून राहतो.

"आणि कुरणाचं काय झालं?" पाहुणे विचारतात.

"भांडण चालू आहे," मामंद चहा ओतत म्हणतो, "पण त्यासाठी खाली उतरावं लागतं."