ट्रक खाली बसेना

“आता अजून काय काढू यातलं?” भूपाल मगदूम ट्रकखालूनच ओरडला.

२००४ सालचा माघ सरत आला होता. मिरजेच्या मालधक्क्यामागे सकाळी अजून स्वेटर लागायचा आणि दुपारी पत्रा तापून डोकं फिरायचं. भूपालचं सकाळपासूनच फिरलं होतं.

बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजचा एक रिवाज होता. इथं काम शिकलेल्या माणसानं जाण्याआधी एक गाडी एकट्यानं, मजुरी न घेता करायची. ती उस्तादांनी, म्हणजे बाबालालनी, चालवून पाहायची. पसंत पडली, तर शिकवल्याचं देणं फिटलं. नाही पडली, तर स्वतःच्या दुकानाचं नाव काढायचं नाही.

भूपालनं आधीच काढलं होतं. सांगली रस्त्यावर गाळा धरला होता, पाटीही रंगवून आणली होती. पाडव्याचा मुहूर्त होता.

आणि वाट्याला आला हा छप्पन सालचा ट्रक. पुण्याच्या हौशी मालकाला तो मागून चार बोटं खाली बसलेला हवा होता. त्यासाठीचं सामान त्यानं परदेशातून मागवलं होतं. मागच्या चाकांवर वजन पेलणारे कमी वाकाचे पाटे, त्यांच्या टोकांना बसणारे रबरी बुश, बोल्ट.

भूपालनं ट्रक ठोकळ्यांवर उचलून घेतला, सामान बसवलं आणि एकेक बोल्ट जीव खाऊन आवळला. आपण आवळलेला बोल्ट दुसऱ्याला सुटत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. ट्रक खाली घेतला. बोटभर बसला. बस्स.

परत उचलला. वजनानं जास्त दबावा म्हणून दोन्हीकडचा एकेक पाटा काढला, परत आवळलं, परत खाली घेतला. ट्रक होता तिथंच.

“उस्ताद, सामानच खोटं आहे.”

उस्ताद बाकड्यावर चहा पीत होते. “असेल.”

“एकदा येऊन बघा तरी.”

“गाडी तुझी आहे.”

“संध्याकाळी मालक येतोय!”

“येऊ दे. त्यालाही चहा पाजू.”

भूपालनं पाना आपटला. ट्रकच्या मागच्या टोकावर चढला आणि दोन्ही पायांनी उड्या मारायला लागला. ट्रक कुरकुरला. खाली काही गेला नाही.

“जोरात मार,” उस्ताद म्हणाले. “पाडव्याला लोक जमतील, तेव्हाही मारून दाखव. दुकान चालेल.”

भूपाल खाली उतरला. कान लाल झाले होते.

“इतकी वर्षं राबलो तुमच्याकडे. सोडायचं नसेल तर तसं तोंडावर सांगा.”

उस्तादांनी कप खाली ठेवला. उठले. भूपालच्या मागं आले आणि दोन्ही काखांत हात घालून त्याला करकचून धरलं. सत्तरीचा माणूस, पण पकड सांडशीची.

“बस,” ते म्हणाले.

“काय?”

“खाली बस.”

“अहो, बसू कसा? तुम्ही वर धरलंय!”

...

“उस्ताद, लोक बघतायत. सोडा. सोडलंत तर बसेन ना!”

...

उस्तादांनी हात काढले. भूपाल धपकन तेलकट मातीत बसला. उस्ताद आपल्या चहाकडे परत गेले.

भूपाल तसाच बसून राहिला. समोर ट्रकची मागची चाकं होती. त्यानं चाकांकडे पाहिलं, मग पाट्यांच्या टोकांकडे. ते बोल्ट आवळले तेव्हा चाकं हवेत लोंबत होती. रबर तिथंच चिमटीत अडकलं होतं. ट्रक जमिनीवर आला, तरी बोल्ट त्याला वरच धरून होते.

“आयला,” तो म्हणाला.

चाकं जमिनीवरच ठेवून त्यानं कडेनं हात घातला आणि पहिल्या बोल्टला पाना लावला. सुटेना. पान्याला पाईप जोडून, त्याला लोंबकळून सोडवला. मग दुसरा. शेवटचा सैल झाला आणि ट्रक कण्हत खाली गेला... चार बोटं नाही, चांगला वीतभर. चाकं मडगार्डला टेकली.

“उस्ताद!”

“काढलेले पाटे कुठं टाकलेस?”

भूपालनं शिवी गिळली. ट्रक परत उचलला. दोन्ही पाटे परत घातले. बोल्ट नुसते अडकवून ठेवले. ट्रक जमिनीवर घेतला, खांदा लावून मागंपुढं ढकलला आणि थांबला. गाडी आपल्या वजनानं बसेपर्यंत थांबला. मग बोल्ट आवळले. बरोबर चार बोटं.

उस्तादांनी ट्रक रेल्वे फाटकापर्यंत नेला, रुळांवरून पलीकडे घातला, वळवून परत आणला. उतरले. किल्ली खिळ्याला अडकवली.

...

“पाडव्याला याल ना, उस्ताद?”

“पाडव्याला नाही. तुझ्या हाताखाली शिकलेला पहिला माणूस सुटून जाईल, त्या दिवशी बोलाव.”

भूपाल चिंधीनं हात पुसत राहिला. हात केव्हाच पुसून झाले होते.

“आता उभा काय राहिलास?” उस्ताद खेकसले. “फिटलं तुझं.”