दीड सेकंदाची हाळी

“...आणि तो आवाज डोक्यातून जातच नसेल, तर काय करायचं, महाराज?”

सोमगिरी महाराज धुनीतली राख सारखी करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कसला आवाज?”

“तुमचाच.”

महाराजांचा हात थांबला.

विचारणारा शार्दूल पुण्याहून आला होता. तो घरात बसून संगणकावर खेळ खेळायचा आणि हजारो माणसं ते लाइव्ह बघायची. कशासाठी बघायची, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मागं एकदा तो मित्रांबरोबर डोंगर चढून या मठाशी आला होता. तेव्हा कड्यावर उभं राहून महाराजांनी दिलेली हाळी त्यानं मोबाइलवर टिपली. हाळी चांगली लांबलचक होती, पण शेवटाला महाराजांचा म्हातारा गळा फाटला, तेवढाच तुकडा त्यानं कापून ठेवला.

मग कुणी केळीच्या सालीवरून घसरलं, नवरदेव घोड्यावरून पडला, मांजर कपाटावरून कोसळलं, की व्हिडिओत हा आवाज. लोकांनी तो डोक्यावर घेतला. ज्याच्या त्याच्या रीलमध्ये माणसं पडत होती आणि महाराज ओरडत होते.

“जगभर पोचवलंय मी तुम्हाला,” शार्दूल म्हणाला. एवढ्या त्रासातही हे सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

“बरं केलंस. मी पल्याडच्या तालुक्याला बी गेलो न्हाई. लाव बघू.”

शार्दूलनं मोबाइल पुढे धरला.

“होऽऽऊक्!”

महाराज खो खो हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “माझाच की रं! म्हातारा रेडा वरडल्यावानी! आता फुडचं लाव.”

“पुढचं नाही. एवढाच आहे.”

“एवढाच कसा? फुडं वाड्यांची ओ हाय.”

“ती कापली. लोक थांबत नाहीत, महाराज. दीड सेकंदात हसू आलं नाही, तर पुढे सरकतात.”

“...असं व्हय.” महाराजांनी डोळे पुसले. “मग तुला का नकोसा झाला?”

शार्दूलनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

“बघणाऱ्यांना मी एक बटण दिलं होतं. त्यांनी दाबलं की माझ्या खोलीत हा आवाज व्हायचा. दिवसभर वाजायचा. एका दुपारी आप्पा मोरीत पडले... माझे वडील. ओरडले. मला वाटलं, कुणीतरी बटण दाबलं.”

“मग?”

“मी हसलो. बघणारे पण हसले. हा नवा आवाज भारी आहे, असं लिहायला लागले. मी म्हणालो, पुन्हा वाजवा...”

धुनीत लाकूड तडकलं.

“आप्पा पुन्हा ओरडले.”

महाराजांनी तडकलेलं लाकूड आत सारलं.

“खुब्याचं ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालतात. पण मला हाक मारत नाहीत. तहान लागली तरी भिंत धरत स्वतःच उठतात. रागावलेत म्हणावं तर तेही नाही. तुझं काम चालू असतं, म्हणतात. आणि त्यांच्याकडे बघितलं की डोक्यात हाच आवाज वाजतो. तेवढा काढून टाका, महाराज. दुसरं काही मागत नाही.”

महाराज गुडघ्यावर हात टेकून उठले.

“चल. दिस बुडाय लागला.”

कड्याखाली दरी होती. पलीकडच्या उतारावर घरं विखुरलेली, एक इथं, एक तिथं.

“पोरं मुंबईला गेली,” महाराज म्हणाले. “एकेका घरात एकेक म्हातारं हाय, कुठं दोन. सांजच्याला हितनं हाळी द्यायची. ओ आली, की माणूस धड हाय.”

“आणि नाही आली तर?”

“आज हाळी तू दे.”

“मी? आवाज तर तुमचा...”

“माझा आवाज तुझ्याजवळ हाय की.”

शार्दूलनं मोबाइल दरीकडे धरून पूर्ण मोठ्यानं वाजवला. लाखो लोकांना हसवलेला तो आवाज वाऱ्यानं कुठल्या कुठं नेला. झाडावरची साळुंकीसुद्धा उडाली नाही.

महाराज नुसते उभे होते.

शेवटी त्यानं मोबाइल खिशात घातला, तोंडाशी हात नेले आणि ओरडला. पहिली हाळी चिरकली. त्याला लाज वाटली. दुसरी त्यानं पोटातून दिली.

“होऽऽऽऽ!”

काहीच नाही... वारा तेवढा होता.

मग खालून, ओढ्याकाठून, एका बाईचा आवाज आला. “ओऽऽ!”

महाराजांनी उजव्या हाताचा अंगठा मिटला.

डावीकडून एक पुरुष. मग पार वरच्या टप्प्यावरून नवराबायको मिळून, आणि त्यांच्यामागे त्यांचं कुत्रं. महाराज एकेक बोट मिटत गेले. शार्दूलच्या अंगावर काटा आला. त्याला ओळखणारी माणसं हजारांनी होती, पण हाकेला ओ अशी आजवर कुणी दिली नव्हती. न बघितलेली माणसं अंधारातून त्याला सांगत होती, की आम्ही आहोत.

चौथी ओ आली. महाराजांची करंगळी तशीच ताठ राहिली.

“ही करंगळी कुणाची?”

“ठकूची. फणसाखालचं घर.”

शार्दूलनं पुन्हा हाळी द्यायला छाती भरून घेतली. महाराजांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

दोघं थांबले. दीड सेकंदाच्या माणसाला ते थांबणं फार जड गेलं. त्या ठकूचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं, तरी ती पडली असेल का, कुठे पडली असेल, याखेरीज त्याला काही सुचेना.

ओढ्याकाठच्या घरातून एक बॅटरी बाहेर पडली आणि चढाला लागली. डावीकडच्या घरातून दुसरी निघाली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. दोन्ही उजेड झाडीत शिरले, पुन्हा दिसले, फणसाशी एक झाले आणि आत गेले.

शार्दूलनं महाराजांचं मनगट कधी धरलं, त्यालाही कळलं नाही.

“ओऽऽ!” पलीकडून एका बाप्याचा आवाज आला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा, अगदी बारीक, थकलेला, कसाबसा दरी ओलांडणारा...

“...ओ...”

महाराजांनी करंगळी मिटली.

शार्दूल मटकन खाली बसला. त्याला रडू फुटलं. एवढं मोठं काही त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते टिपून घ्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. उतारावरचे दिवे एकेक करून लागत होते. तो त्यांच्याकडे हात जोडून बघत राहिला.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “इथं बरं आहे, महाराज. इथं हाळी आहे, म्हणून ओ आहे. माझे आप्पा तर हाकच मारत नाहीत. मी ओ द्यायची तरी कशाला?”

महाराज मठाकडे वळले होते. तिथूनच म्हणाले,

“ठकूनं तरी कुठं हाक मारली हुती?”